इमॅटिनिबमुळे टेलोमरेज खरंच दबतं, की पेशी थांबल्या म्हणून आकडा पडतो?

पेशीनाद यांचा प्रश्न

के-५६२ (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्तकर्करोगाची पेशीरेषा) पेशींमध्ये इमॅटिनिब या औषधाचा टेलोमरेजवर, म्हणजे गुणसूत्रांची टोकं (टेलोमिअर) लांबवणाऱ्या विकरावर, काय परिणाम होतो ते मोजायचं आहे. सध्याचा आराखडा असा: १ मायक्रोमोलर इमॅटिनिब, ४८ तास, मग ट्रॅप चाचणी (टेलोमरेजची क्रिया मोजणारी) आणि सोबत एचटर्टच्या, म्हणजे टेलोमरेजच्या क्रियाशील प्रथिनाच्या, आरएनएसाठी आरटी-क्यूपीसीआर (आरएनएचं प्रमाण मोजणारी पद्धत). तुलनेला फक्त डीएमएसओ (औषधाचं द्रावक) दिलेल्या पेशी.

प्रयोग सुरू करण्याआधीच अडलेय, कारण प्रकाशित निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. २००० सालच्या कामात दिसतं की सी-एबीएल हे कायनेज (प्रथिनांवर फॉस्फेट लावणारं विकर) एचटर्टच्या टायरोसिनवर फॉस्फेट लावतं आणि त्यामुळे टेलोमरेजची क्रिया कमी होते. त्या हिशेबाने एबीएल अडवणाऱ्या औषधाने टेलोमरेज वाढायला हवं. २०११ मध्ये के-५६२ वर झालेलं काम नेमकं उलट सांगतं: इमॅटिनिबने क्रिया उतरते, एचटर्टचा आरएनएही उतरतो. आणि २००५ च्या एका कामात तर बीसीआर-एबीएल (या ल्युकेमियाला कारण असलेलं जोडप्रथिन, इमॅटिनिबचं मुख्य लक्ष्य) नसलेल्या कर्कपेशींतही इमॅटिनिबने टेलोमरेज घटल्याचं दाखवलं आहे. मग हे औषध नेमकं कुठे घाव घालतं?

४८ तास ही वेळ बरोबर आहे का? आणि क्रिया उतरलीच, तर ती औषधाच्या थेट परिणामाने उतरली की पेशी मरतायत किंवा थांबल्यायत म्हणून, हे कसं वेगळं काढायचं? पुढे रुग्णांच्या रक्ताचे नमुनेही घ्यायचे आहेत, त्याबद्दलही सांगा.

---

विकरवेडा यांचं उत्तर

तिन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. गोंधळ होतो तो सी-एबीएल आणि बीसीआर-एबीएल एकाच मापाने मोजल्यामुळे.

सी-एबीएल केंद्रकात आणि पेशीद्रव्यात ये-जा करतं. एचटर्टला ते धरतं केंद्रकात, आपल्या एसएच३ भागाने, आणि डीएनएला इजा झाली की हे जास्त घडतं. बीसीआर-एबीएलचं तसं नाही. बीसीआरच्या तुकड्यामुळे त्याचे रेणू एकमेकांना चिकटून गट करतात, कायनेज कायम चालू राहतं आणि ते पेशीद्रव्यातच ठाण मांडून बसतं. तिथून ते एचटर्टपर्यंत पोचतं ते मध्यस्थांमार्फत. एक वाट स्टॅट५ आणि मिक या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनांची. एचटर्टच्या प्रमोटरमध्ये (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या भागात) टाटा बॉक्स नाही, पण दोन ई-बॉक्स आणि पाच जीसी-बॉक्स आहेत. ई-बॉक्सवर मिक बसतं, जीसी-बॉक्सवर एसपी१. दुसरी वाट पीआय३के आणि एकेटी या कायनेजांची. एकेटी एचटर्टच्या सेरीन २२७ वर फॉस्फेट लावतं, ते एचटर्टला केंद्रकात शिरायला मदत करतं. तिसरी वाट बहुतेक जण विसरतात: पीपी२ए हे फॉस्फटेज (फॉस्फेट काढणारं विकर) टेलोमरेजची क्रिया उतरवतं, आणि बीसीआर-एबीएल सेट नावाच्या प्रथिनाची पातळी वाढवून पीपी२एलाच झोपवतं. इमॅटिनिब दिलं की पीपी२ए पुन्हा जागं होतं.

म्हणजे के-५६२ मध्ये इमॅटिनिब एकाच वेळी दोन विरुद्ध गोष्टी करतं. सी-एबीएलचा ब्रेक काढतं आणि बीसीआर-एबीएलचा ॲक्सिलरेटरही सोडतं. या पेशी जगतातच बीसीआर-एबीएलवर, म्हणून बेरीज उणे येते. बीसीआर-एबीएल नसलेल्या पेशीत ही बेरीज काय येईल ते आधी सांगता येत नाही.

२००५ च्या निष्कर्षाचं बोलायचं तर आधी मात्रा बघा. के-५६२ ची वाढ साधारण ०.२ ते ०.५ मायक्रोमोलरला निम्मी होते. बीसीआर-एबीएल नसलेल्या पेशींत परिणाम दिसायला १० मायक्रोमोलरच्या आसपास किंवा त्याहून वर जावं लागतं. तिथे इमॅटिनिब किट, पीडीजीएफआर, डीडीआर१, एनक्यूओ२ अशा बऱ्याच जणांना धरतं, आणि त्या पेशींत एकेटीचं फॉस्फेट उतरलेलं दिसतं. त्यामुळे १० मायक्रोमोलरचा निकाल हातात घेऊन "इमॅटिनिब हे टेलोमरेजरोधक आहे" म्हणणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं. रुग्णाला रोज ४०० मिलिग्रॅम दिल्यावर पुढच्या गोळीआधी रक्तद्रवात जी पातळी असते ती मिलिलिटरला साधारण १००० नॅनोग्रॅम, म्हणजे २ मायक्रोमोलर. त्यातलंही ९५ टक्के प्रथिनांना बांधलेलं. तुमच्या माध्यमात सीरम १० टक्केच असणार, म्हणजे मोकळं औषध त्या मानाने जास्त. म्हणून ०.१, ०.३, १, ३ आणि १० अशी माळ लावा आणि परिणाम कुठे सुरू होतो ते बघा. सीआरकेएलचं (बीसीआर-एबीएल ज्यावर फॉस्फेट लावतं ते प्रथिन) फॉस्फेट ज्या मात्रेला जातं त्याच मात्रेला टेलोमरेज उतरत असेल तर लक्ष्य बीसीआर-एबीएल असण्याची शक्यता दाट. दोन्हींमध्ये दहा-वीस पटींचं अंतर असेल तर कारण दुसरीकडे शोधा.

आता वेळ. माझ्या मते सगळ्या प्रयोगाची किल्ली इथे आहे. बहुतेक पेशीरेषांमध्ये टेलोमरेजच्या क्रियेचं अर्धायुष्य २४ तास किंवा त्याहून जास्त आहे. समजा औषध देताक्षणी एचटर्टचा नवा आरएनए बनणं पूर्ण थांबलं आणि नवं प्रथिनही थांबलं. तरी २४ तासांच्या अर्धायुष्याने ६ तासांनी ८४ टक्के क्रिया शिल्लक राहणार, १२ तासांनी ७१, २४ तासांनी ५० आणि ४८ तासांनी २५. प्रत्यक्षात आरएनएही लगेच संपत नाही, म्हणजे घट याहून संथच. तेव्हा ६ तासांत क्रिया निम्मी झालेली दिसली, तर ती प्रमोटरवरून आलेली असूच शकत नाही. एक तर फॉस्फेटचा मामला आहे, किंवा एचटर्टची जागा बदलली आहे, किंवा चाचणीतच पाणी मुरतंय. उलट ६ तासांनी काही नाही, २४ ला थोडं, ४८ ला बरंच, असं चित्र आलं तर ट्रान्सक्रिप्शनवर संशय घ्या.

म्हणून फक्त ४८ तासांचा एकच बिंदू घेऊ नका. २, ६, १२, २४, ४८ घ्या. २ तासांचा बिंदू टेलोमरेजसाठी नाही, औषध पोचलं का ते बघण्यासाठी: सीआरकेएल आणि स्टॅट५ यांची फॉस्फेटं तोवर गेलेली असायला हवीत.

लक्ष्य पक्कं करायला एकाच औषधावर विसंबू नका. बीसीआर-एबीएल अडवणारी इतर औषधंही लावा: दासातिनिब १० ते ५० नॅनोमोलर, निलोटिनिब १०० ते २०० नॅनोमोलर, आणि जमलं तर असिमिनिब. असिमिनिब एटीपीच्या जागी बसत नाही, मिरिस्टॉइलच्या खोबणीत बसतं, त्यामुळे किट-पीडीजीएफआरचा गोंधळ गळून पडतो. दासातिनिब सार्क कुटुंबालाही अडवतं, आणि एचटर्टच्या टायरोसिन ७०७ वर सार्कचंच काम चालतं, म्हणून ते एकटं वापरून निष्कर्ष काढू नका. सर्वात खणखणीत पुरावा इमॅटिनिबला दाद न देणाऱ्या टी३१५आय उत्परिवर्तनाचा: ते असलेल्या पेशींत इमॅटिनिबने काहीच घडायला नको आणि पोनॅटिनिबने घडायला हवं. बीए/एफ३ पेशी वापरल्यात तर एक अडचण लक्षात घ्या. त्या उंदराच्या आहेत, ट्रॅप त्यांच्यावरही चालते, पण उंदराच्या टर्टचा प्रमोटर माणसासारखा नियंत्रित होत नाही. प्रमोटरबद्दलचा निष्कर्ष तिथून काढता येणार नाही.

---

जेलपट्टी यांचं उत्तर

वरचं सगळं मान्य. पण ट्रॅप नीट लागली नाही तर हे सगळं तत्त्वज्ञान वाया. त्यामुळे बाकावरच्या गोष्टी सांगतो.

औषध आणि पेशी. बाटलीवर बघा, इमॅटिनिब बेस आहे की मेसिलेट. बेसचा रेणुभार ४९३.६, मेसिलेटचा ५८९.७. १० मिलिमोलर साठ्यासाठी मिलिलिटरला बेस ४.९४ मिलिग्रॅम लागतो, मेसिलेट ५.९. अदलाबदल झाली की मात्रा सोळा टक्क्यांच्या आसपास चुकते आणि मात्रेची माळ सगळीच सरकते. डीएमएसओ शेवटी ०.१ टक्क्याच्या आत आणि सगळ्या नळ्यांत सारखं. तुलनेला एचएल-६० (दुसरी ल्युकेमिया पेशीरेषा) घेणार असाल तर हे विशेष पाळा, कारण १.२५ टक्क्यांच्या पुढे डीएमएसओ स्वतःच एचएल-६० ना परिपक्व करतं आणि त्यानेच टेलोमरेज उतरतं.

के-५६२ मिलिलिटरला दोन लाखांवर पेरा आणि तुलनेच्या पेशी दहा लाखांच्या वर जाऊ देऊ नका. हे बऱ्याच ठिकाणी चुकतं. औषध दिलेल्या पेशी वाढत नाहीत, डीएमएसओवाल्या ४८ तासांत चौपट होतात, माध्यम पिवळं पडतं आणि तुलनेच्याच पेशी उपाशी राहून थांबायला लागतात. मग फरक कमी दिसतो आणि दोष औषधाला जातो.

अर्क काढणं. चॅप्स ०.५ टक्के, ट्रिस १० मिलिमोलर पीएच ७.५, मॅग्नेशियम क्लोराइड १ मिलिमोलर, ईजीटीए १ मिलिमोलर, बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल ५ मिलिमोलर, ग्लिसरॉल १० टक्के, आणि प्रोटिएजरोधक ऐन वेळी. ईडीटीए घालू नका, ते मॅग्नेशियम खातं. फॉस्फेटचा प्रश्न आहे म्हणून सोडियम फ्लोराइड, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट आणि ऑर्थोव्हॅनाडेट घालावं लागेल, नाहीतर पीपी२ए नळीतच काम करत राहील. पण हे तिन्ही असलेला कोरा बफर ट्रॅपला त्रास देत नाही ना, हे माहीत असलेल्या अर्कात मिसळून आधी बघा.

दहा लाख जिवंत पेशींना २०० मायक्रोलिटर, बर्फावर ३० मिनिटं, मग ४ अंशांवर १२,००० जी ला २० मिनिटं. वरचा १६० मायक्रोलिटरच घ्या, तळाला हात लावू नका. लहान लहान वाटे करून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा, उणे ८० वर ठेवा. एक वाटा एकदाच वितळवायचा. पुन्हा पुन्हा वितळवलं की क्रिया घटते, आणि तुलनेचा अर्क नेहमी जास्त वेळा वापरला जातो हे विसरू नका.

अभिक्रिया. टीएस प्रायमर (ज्याला टेलोमरेज तुकडे जोडतं तो डीएनए) लांबवणं ३० अंशांवर ३० मिनिटं, मग ९५ वर १० मिनिटं, मग पीसीआर. हॉट-स्टार्ट पॉलिमरेज घ्या. ती १० मिनिटं टेलोमरेज मारण्याचं आणि पॉलिमरेज जागं करण्याचं काम एकदमच करतात. जेलवर पहिला पट्टा ५० बेसजोड्यांना आणि पुढे दर ६ बेसजोड्यांना एक अशी शिडी दिसली पाहिजे. १० ते १२.५ टक्के ॲक्रिलामाइड, न उलगडणारं. ३६ बेसजोड्यांचा अंतर्गत मानकाचा पट्टा शिडीच्या खाली येतो. तो प्रत्येक रांगेत हवाच.

का, ते सांगतो. इमॅटिनिब दिलेल्या के-५६२ तांबड्या पेशींच्या दिशेने परिपक्व होतात, हिमोग्लोबिन बनवायला लागतात. हीम टॅक पॉलिमरेजला अडवतं. म्हणजे औषध दिलेल्या अर्कात शिडी फिकी पडते आणि टेलोमरेज जागच्या जागी असू शकतं. नळीच्या तळाशी बसलेली पेशींची गोळी गुलाबी दिसली की सावध व्हा. अंतर्गत मानकाचा पट्टाही फिका पडला असेल तर ती रांग रद्द. क्यूपीसीआरवाली ट्रॅप करत असाल तर हा पट्टा नसतो, म्हणून मिश्रणाची चाचणी करा: औषधाचा अर्क आणि तुलनेचा अर्क निम्मे-निम्मे. उत्तर दोघांच्या सरासरीइतकं यायला हवं. सरासरीहून बरंच खाली आलं तर अर्कात अडवणारं काहीतरी आहे. अर्क पाचपट पातळ करा. अडथळा असेल तर पातळ केल्यावर पेशीमागे क्रिया वाढल्यासारखी दिसते.

पातळ करायचंच आहे, दुसऱ्या कारणासाठीही. के-५६२ मध्ये टेलोमरेज भरपूर असतं. अभिक्रियेला काही हजार पेशींइतका अर्क घातला तर जेल भरून जातं आणि ७० टक्के घटसुद्धा डोळ्याला दिसत नाही. १०००, २००, ४० आणि ८ पेशींइतका अर्क लावून सरळ रेषा कुठे आहे ते शोधा, मग त्या पट्ट्यातच मोजा. क्यूपीसीआरमध्ये उतार उणे ३.३ च्या जवळ हवा. ७० टक्के घट म्हणजे सीटीमध्ये (ज्या चक्राला संकेत दिसतो त्या आकड्यात) फक्त १.७ चक्रांचा फरक, ५० टक्के म्हणजे १ चक्र. तीन नळ्यांमध्येच अर्ध्या चक्राची तफावत येत असेल तर तुम्हाला २५ टक्क्यांची घट कधीच पकडता येणार नाही. डिजिटल ड्रॉपलेट ट्रॅपची सोय असेल तर लहान फरकांसाठी तीच घ्या.

वितळण्याच्या आलेखावर इथे भरवसा नको. उत्पादनं वेगवेगळ्या लांबीची असतात, आलेख तसाही पसरट येतो. दर खेपेला एक-दोन नमुने जेलवर चालवून शिडी बघाच.

नकारात्मक तुलना. ८५ अंशांवर १० मिनिटं तापवलेला अर्क, आरएनएज दिलेला अर्क, आणि नुसता बफर. तिन्ही हव्यात, आणि तापवलेला अर्क *प्रत्येक* नमुन्याचा हवा. नुसत्या बफरमध्ये शिडी आली तर जागा दूषित झाली आहे. ट्रॅपची उत्पादनं फार चिवट. पीसीआर उघडण्याची आणि अर्क लावण्याची खोली वेगळी ठेवा.

आणखी एक स्वस्त चाचणी: औषध न दिलेल्या के-५६२ च्या अर्कात थेट १० मायक्रोमोलर इमॅटिनिब घाला. क्रिया बदलत नाही हे दाखवलं की "औषध विकरालाच अडवतं" हा मुद्दा एका जेलमध्ये निकालात निघतो. शेजारी सकारात्मक तुलनेसाठी बीआयबीआर१५३२ लावा. ते विकराला थेट अडवतं, म्हणजे चाचणीला घट दिसते का तेही कळेल.

---

पेशीनाद

दोघांचेही आभार. हीमचा मुद्दा कुठेच वाचला नव्हता.

दोन शंका. क्रिया कशाच्या प्रमाणात मांडायची, पेशींच्या संख्येच्या की प्रथिनाच्या? आणि एचटर्टचं वेस्टर्न ब्लॉट करावं का? त्याशिवाय लेख कोणी घेणार नाही असं ऐकते.

---

जेलपट्टी

जिवंत पेशींच्या संख्येवर. ट्रिपॅन ब्लूने मोजा, अर्क काढण्याआधी. मेलेल्या पेशी २० टक्क्यांहून जास्त असतील तर ॲनेक्सिन व्ही च्या चुंबकी मण्यांनी आधी काढून टाका, कारण मरणाऱ्या पेशीत आरएनए तुटतो आणि टेलोमरेजचा आरएनए गेला की विकरही गेलं. शक्य असेल तर एक संच झेड-व्हॅड (पेशीमरणाची विकरं, म्हणजे कॅस्पेज, अडवणारं) घालून चालवा. कॅस्पेज अडवूनही घट तशीच राहिली तर ती मरणामुळे नाही.

---

विकरवेडा

इथे मी थोडा वेगळा आहे. नुसती संख्या पुरत नाही, दोन्ही मांडा. इमॅटिनिबखाली पेशी लहान होतात, पेशीमागे प्रथिन घटतं. संख्येवर मांडलं तर घट मोठी दिसते, प्रथिनावर मांडलं तर लहान. खरं उत्तर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतं, आणि दोन्ही पद्धतींनी घट दिसली तरच ती घट म्हणा. प्रथिन मोजायला ब्रॅडफर्ड वापरा. बीसीए नको, बफरमधल्या मर्कॅप्टोइथेनॉलने ती फसते.

पेशी थांबल्यामुळे होणारी घट वेगळी काढायला पेशी दुसऱ्या मार्गाने थांबवा. पाल्बोसिक्लिबने जी१ मध्ये (डीएनएची नक्कल होण्याआधीच्या टप्प्यात) थांबवलेल्या के-५६२, बीसीआर-एबीएल चालूच. थांबल्या का ते प्रोपिडियम आयोडाइडने फ्लो सायटोमेट्रीवर तपासा, गृहीत धरू नका. तितक्याच थांबलेल्या पेशींत टेलोमरेज तितकंच उतरलं, तर इमॅटिनिबचं वेगळेपण उरलं नाही. हायड्रॉक्सियुरियाने हे होणार नाही. ती एस मध्ये (नक्कल होते त्या टप्प्यात) अडकवते.

वेस्टर्नबद्दल: जरूर करा म्हणणाऱ्यांनी कधी तो पट्टा नीट बघितला असेल असं वाटत नाही. एचटर्ट ११३२ अमिनो आम्लांचं, १२७ किलोडाल्टनच्या आसपास, आणि पेशीत त्याचे रेणू अगदी मोजके. बाजारातली कित्येक प्रतिपिंडं दुसऱ्याच प्रथिनांना चिकटतात. एक बराच वापरला गेलेला प्रतिपिंड तर न्यूक्लिओलिनला धरतो असं २००६ मध्ये दाखवलं गेलं, आणि त्यावर आधारलेली केंद्रिकेतल्या एचटर्टची चित्रं त्यामुळे संशयात आली. तुमच्या प्रश्नात एचटर्टची जागा महत्त्वाची आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. प्रतिपिंड वापरायचाच तर टेलोमरेज नसलेली पेशीरेषा शेजारी लावा. एएलटी मार्गाने (टेलोमरेजशिवाय टेलोमिअर राखण्याचा मार्ग) चालणारी यू२ओएस चालेल, तिच्यात एचटर्ट नाही. तिथे पट्टा आला तर प्रतिपिंड टाकून द्या. जास्त विश्वासाचं म्हणजे प्रतिपिंडाने ओढून काढून त्यावर ट्रॅप करणं.

आरएनएचं मोजमाप सोपं आहे, पण प्रायमर कुठे बसतात ते बघा. एचटर्टचे बरेच पर्यायी तुकडे असतात. बीटा-वगळलेल्या प्रकारात ७ आणि ८ क्रमांकाचे एक्सॉन, म्हणजे १८२ बेस, नसतात. वाचनचौकट मोडते आणि क्रिया नसलेलं प्रथिन बनतं. अल्फा-वगळलेल्यात ३६ बेस कमी. प्रायमर जनुकाच्या दुसऱ्या टोकाला असतील तर तुम्ही निकामी आरएनएही मोजताय. ७ आणि ८ च्या सांध्यावर एक प्रायमर ठेवा. एकूण एचटर्ट तसंच आणि बीटा-असलेलं घटलं, असंही घडू शकतं. मग विषय प्रमोटरचा राहत नाही, स्प्लाइसिंगचा होतो.

---

अस्थिमज्जा यांचं उत्तर

रुग्णांच्या नमुन्यांबद्दल लिहिते, कारण तिथे सर्वात मोठा चकवा आहे.

निदानाच्या वेळी क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रक्तात काय असतं? ढीगभर ग्रॅन्युलोसाइट आणि त्यांच्या अर्धवट पिकलेल्या पिढ्या. औषधाचा प्रतिसाद आल्यावर काही महिन्यांनी त्याच रुग्णाच्या नळीत काय असतं? साध्या माणसाचं रक्त. या दोन नळ्यांची ट्रॅप लावून "इमॅटिनिबने टेलोमरेज बदललं" म्हणणं चूक आहे. बदलली ती पेशींची वस्ती. परिपक्व ग्रॅन्युलोसाइटमध्ये टेलोमरेज जवळपास नसतं, चेतवलेल्या टी-पेशींमध्ये असतं, सीडी३४ (मूळ आणि पूर्वज) पेशींमध्ये थोडं असतं. रुग्णाला साधा विषाणूसंसर्ग झाला तरी आकडा हलेल. सीडी३४ वेगळ्या काढा आणि त्यांतल्या किती फिलाडेल्फिया-पॉझिटिव्ह (बीसीआर-एबीएल बनवणारं गुणसूत्र असलेल्या) आहेत ते फिशने (गुणसूत्र रंगवून बघण्याच्या चाचणीने) त्याच दिवशी बघा. त्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. औषध सुरू करण्याआधीच्या पेशी घेऊन प्रयोगशाळेत २४ तास औषध देणं, हे रुग्णाच्या दोन भेटींच्या तुलनेपेक्षा पुष्कळ स्वच्छ उत्तर देतं.

टेलोमिअरच्या लांबीचंही तेच. निदानाच्या वेळी ती वयाच्या मानाने कमी असते, कारण ल्युकेमियाच्या पेशी भराभर विभागल्या गेलेल्या असतात. इमॅटिनिबवर लांबी पुन्हा वाढलेली दिसते. हे टेलोमरेजचं काम नाही. फिलाडेल्फिया नसलेल्या निरोगी पेशींनी मज्जा परत घेतली, त्यांचे टेलोमिअर मुळातच लांब होते, एवढंच. इथे रुग्णाचाच अंतर्गत मापदंड वापरता येतो: त्याच्या टी-पेशी बहुतांशी ल्युकेमियाच्या बाहेर असतात. फ्लो-फिशने लिम्फोसाइट आणि ग्रॅन्युलोसाइट यांच्या लांबीतला फरक काढा. प्रतिसादासोबत तो फरक आकसत जातो. बीसीआर-एबीएलची आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीवरची टक्केवारी त्याच नमुन्यातून हवी, ०.१ टक्क्याच्या खाली गेलेला रुग्ण आणि १० टक्क्यांवरचा रुग्ण एका गटात टाकू नका.

आणखी एक गोष्ट तुमच्या मूळ आराखड्याबद्दल. के-५६२ ही ब्लास्ट क्रायसिसमधल्या रुग्णापासून आलेली पेशीरेषा आहे आणि तिच्यात पी५३ (पेशींची वाढ रोखणारं प्रथिन) काम करत नाही. ब्लास्ट अवस्थेत टेलोमरेज साधारणपणे चढलेलं असतं. क्रॉनिक अवस्थेत चित्र वेगळं: २००६ मध्ये रुग्णांच्या मूळपेशींमध्ये एचटर्ट उलट *कमी* असल्याचं दाखवलं गेलं आहे. आज ज्या रुग्णांना हे औषध सुरू होतं ते बहुतेक क्रॉनिक अवस्थेतले. जिथे एचटर्ट आधीच उतरलेलं आहे तिथे औषधाने ते आणखी किती उतरणार, हा प्रश्न के-५६२ ला विचारून उत्तर मिळणार नाही.

रक्त ईडीटीएच्या नळीत घ्या. हेपॅरिन पीसीआरला अडवतं आणि धुऊनही पूर्ण जात नाही. नळी खोलीत तासन्‌तास पडू देऊ नका, टेलोमरेजचा आरएनए वाट बघत नाही.

---

पेशीनाद

खूप उपयोगी. म्हणजे आता ०.१ ते १० ची माळ, २ ते ४८ तासांचे बिंदू, असिमिनिब आणि पाल्बोसिक्लिबची तुलना, दोन्ही मापांवर मांडणी. शेवटचं: इमॅटिनिब दिल्यावर के-५६२ चे टेलोमिअर आखूड होतात का तेही त्याच ४८ तासांच्या पेशींत बघू का? आणि टेलोमरेजरोधक इमेटेलस्टॅटसोबत जोडून दिलं तर?

---

जेलपट्टी

४८ तासांत नाही. टेलोमरेज पूर्ण बंद असलं तरी प्रत्येक विभाजनाला साधारण ५० ते १०० बेसजोड्या जातात, आणि सदर्न ब्लॉटला काही शे बेसजोड्यांच्या आतला फरक नीट कळत नाही. त्यात इमॅटिनिब दिलेल्या पेशी विभागतच नाहीत, म्हणजे झिजायला वावच नाही. आखूड होणं बघायचं असेल तर पेशी विभागत राहतील इतकी कमी मात्रा, ०.१ च्या आसपास, देऊन वीसेक दुपटी होईपर्यंत वाढवावं लागेल. के-५६२ ची दुपटी साधारण २४ तासांची, औषधाखाली त्याहून संथ. म्हणजे महिनाभर तरी धरा. आणि तेवढ्या काळात औषधाला दाद न देणाऱ्या पेशी निवडून वर येतात, म्हणून दर आठवड्याला सीआरकेएलचं फॉस्फेट तपासत राहा.

इमेटेलस्टॅटचं गणित निराळं. तो १३ न्यूक्लिओटाइडांचा तुकडा आहे, टोकाला चरबीची शेपटी लावलेला, आणि टेलोमरेजच्या आरएनएच्या साच्यावरच जाऊन बसतो. जून २०२४ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली ती कमी जोखमीच्या मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोममध्ये, रक्त चढवावं लागणाऱ्या रुग्णांसाठी. या ल्युकेमियासाठी नाही. जोडून द्यायचं तर क्रम बघा: इमॅटिनिबने पेशी थांबवल्या की टेलोमिअर झिजणंही थांबतं, म्हणून दोन्ही एकदम पूर्ण मात्रेत दिली तर टेलोमिअरच्या वाटेचा परिणाम दिसणारच नाही. आधी इमेटेलस्टॅटवर पेशी काही आठवडे विभागू द्या, मग इमॅटिनिब. सोबत जुळत नसलेल्या क्रमाचा, तशीच शेपटी लावलेला तुकडा तुलनेला हवाच, कारण अशा तुकड्यांचे टेलोमरेजशी संबंध नसलेले परिणामही असतात.

ट्रॅपमध्ये एक अडचण येईल. पेशीत आणि पेशीच्या पृष्ठभागावर उरलेलं इमेटेलस्टॅट अर्कात उतरतं आणि नळीतल्या टेलोमरेजला तिथेच अडवतं. पेशी थंड पीबीएसने तीनदा धुवा, आणि मग औषध न दिलेला अर्क त्यात मिसळून बघा. मिसळलेल्या अर्काचीही क्रिया गेली, तर तुम्ही पेशीतलं टेलोमरेज मोजत नाही आहात.